वुडफर्ड स्क्वेअरमधला इतिहासाचा तास

एरिक विल्यम्स हे नाव नाशकात सहसा कुणाच्या बोलण्यात येत नाही. क्रिकेटमुळे त्रिनिदाद माहीत असतं, लारा माहीत असतो. पण ज्या इतिहासाच्या प्राध्यापकानं ते बेट स्वातंत्र्यापर्यंत नेलं आणि मरेपर्यंत त्याचा कारभार केला, त्याचं नाव मी एम.ए. होईपर्यंत ऐकलं नव्हतं. पुढे कॉलेजात शिकवायला लागल्यावर एका पुस्तकाच्या तळटिपेत ते दिसलं, आणि तेव्हापासून या माणसानं माझी पाठ सोडलेली नाही. इतिहास शिकवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी वाटतं, की हे सगळं वर्गाच्या चार भिंतींत ठेवण्याची गोष्ट नाही. विल्यम्सनी ते चौकात नेलं. त्याचं पुढे काय झालं, तेही तितकंच महत्त्वाचं आहे.

जन्म 25 सप्टेंबर 1911चा, पोर्ट ऑफ स्पेनमधला. वडील पोस्टात कारकून, घरात बारा भावंडं, हे सगळ्यांत थोरले. कारकुनाच्या पगारात एवढं मोठं कुटुंब म्हणजे महिनाअखेर कशी असते हे वेगळं सांगायला नको. वडिलांची सगळी आशा या एका मुलावर होती. तेव्हा बेटावरून सरकारी खर्चानं विलायतेला जाण्याची वाट फार अरुंद होती. एक शिष्यवृत्ती, आणि तिच्यासाठी अख्ख्या बेटातली हुशार मुलं झटायची. विल्यम्सनी ती मिळवली आणि 1932 साली ते ऑक्सफर्डला गेले. क्वीन्स रॉयल कॉलेजात त्यांना शिकवणाऱ्यांमध्ये सी. एल. आर. जेम्स होते. क्रिकेटवर लिहिणारे जेम्स आपल्याकडेही वाचले जातात. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. शाळेच्या दिवसांत फुटबॉल खेळताना झालेल्या इजेनं विल्यम्स यांच्या कानाला कायमचं अधूपण आलं. श्रवणयंत्र आणि काळा चष्मा ही पुढे त्यांची ओळखच झाली.

ऑक्सफर्डला त्यांनी इतिहासात पहिला वर्ग मिळवला आणि 1938मध्ये डॉक्टरेट. विषय होता वेस्ट इंडीजमधला गुलामांचा व्यापार आणि गुलामगिरी बंद होण्यामागची आर्थिक कारणं. आज हे वाचताना त्यातला धीटपणा चटकन लक्षात येत नाही. इंग्लंडमध्ये तेव्हा शिकवलं जात होतं ते असं, की विल्बरफोर्ससारख्या धर्मशील माणसांची सदसद्विवेकबुद्धी जागी झाली आणि ब्रिटननं 1807मध्ये गुलामांचा व्यापार व 1833मध्ये गुलामगिरी कायद्यानं बंद केली. वसाहतीतून आलेला एक काळा विद्यार्थी त्याच विद्यापीठात बसून म्हणत होता, की हिशेबाच्या वह्याही उघडा. लंडनमधल्या एका प्रकाशकानं ते छापायला नकार दिला. असं पुस्तक ब्रिटिश परंपरेच्या विरुद्ध जाईल, असं त्याचं म्हणणं होतं. शेवटी ‘कॅपिटॅलिझम अँड स्लेव्हरी’ 1944 साली अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातर्फे निघालं. तोवर विल्यम्स वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकवायला लागले होते. ब्रिटनमध्ये ते छापून यायला आणखी वीस वर्षं जावी लागली, आणि 2022मध्ये तिथे नवी आवृत्ती आली तेव्हा ते खपाच्या यादीत झळकलं.

पुस्तकातलं म्हणणं थोडक्यात असं. गुलामगिरी वर्णद्वेषातून जन्मली नाही, वर्णद्वेष गुलामगिरीतून जन्मला. मळ्यांना स्वस्त आणि पळून न जाणारे हात हवे होते, म्हणून माणसं बांधून आणली, आणि मग ते योग्य ठरवण्यासाठी कातडीच्या रंगाचं तत्त्वज्ञान रचलं गेलं. आफ्रिकेतून माणसं, वेस्ट इंडीजमधून साखर, इंग्लंडहून कापड आणि लोखंडी माल, या तिहेरी व्यापारातला पैसा ब्रिटनच्या औद्योगिक भांडवलात मुरला. पुढे तेच साखरमळे महाग पडू लागले, त्यांची मक्तेदारी कारखानदारांच्या वाटेत आली, तेव्हा गुलामगिरीविरोधाला राजकीय बळ मिळालं. कायदा झाल्यावर 2 कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना. गुलामांना एक पेनीसुद्धा नाही. त्यासाठी काढलेल्या कर्जाची शेवटची फेड ब्रिटिश सरकारनं 2015मध्ये केली, म्हणजे माझ्या आजच्या विद्यार्थ्यांच्या हयातीत.

एक तपशील भारतीय वाचकानं थांबून वाचावा असा आहे. गुलामगिरीविरोधी मंडळी वेस्ट इंडीजच्या साखरेवर बहिष्कार घाला म्हणत आणि त्याऐवजी ईस्ट इंडियाची, म्हणजे आपल्याकडची साखर घ्या, ती गुलामांनी केलेली नाही, असा प्रचार करत. इंग्रजी घरांत साखरेच्या भांड्यांवर तसं छापलेलं असे. या चळवळीतल्या काही पुढाऱ्यांचे हितसंबंध भारताशी होणाऱ्या व्यापारात होते, हे विल्यम्सनी दाखवून दिलं. आणि भारतातल्या शेतमजुराची अवस्था त्या चहाच्या टेबलावर कोणी विचारत नव्हतं. हे मी शिकवते तेव्हा वर्गातली रावळगाव, निफाडकडची मुलं कान टवकारतात. त्यांच्या घरी ऊस आहे, गावाबाहेर ऊसतोडीच्या टोळ्यांच्या कोप्या पडलेल्या त्यांनी पाहिल्यात, मुकादमाची उचल म्हणजे काय ते त्यांना ठाऊक आहे. साखर गोड का लागते एवढंच सोडून बाकी सगळे प्रश्न ती विचारतात.

आता शरणपूर. नाशिककर दिवसातून दहा वेळा हे नाव घेतो. शरणपूर रोडला भेटू, शरणपूर रोडवरून वळ. ही वस्ती 1850च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीनं वसवली, विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली. हिंदी महासागरात ब्रिटिश नौदल गुलाम वाहून नेणारी अरबी गलबतं पकडायचं, सुटका झालेल्यांना मुंबईत उतरवायचं, आणि त्यांतली काही मुलं इथे, गोदावरीपासून हाकेच्या अंतरावर आणली जायची. त्यांना ख्रिस्ती नावं मिळाली, इंग्रजी आणि सुतारकाम-लोहारकामासारखे धंदे शिकवले गेले. 1866मध्ये स्कॉटिश मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या शेवटच्या मोहिमेवर निघाला तेव्हा त्याच्यासोबत नाशिकचे नऊ तरुण होते. पुढे त्याला जाऊन मिळालेल्यांत जेकब वेनराइट होता, शरणपूरलाच शिकलेला. 1873च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना वेनराइटनं म्हटली, झाडाच्या खोडावर मजकूर कोरला तोही त्यानंच. मग ते शव शेकडो मैल चालत किनाऱ्यापर्यंत नेण्यात आलं, आणि 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाच्या वेळी शवपेटीला खांदा देणाऱ्यांत हा नाशिकचा मुलगा होता. मोहिमेतली रोजनिशीही त्यानं लिहून ठेवली आहे. प्राइसनं 1875च्या सुमारास मोंबासाजवळ फ्रीअर टाउन ही मुक्त गुलामांची वस्ती उभारली, तिथल्या पहिल्या फळीत इथूनच गेलेले लोक होते. पूर्व आफ्रिकेच्या नोंदींमध्ये त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हणतात.

विल्यम्स वाचल्यावर शरणपूर माझ्यासाठी पहिल्यासारखं राहिलं नाही. त्या मुलांना वाचवलं हे खरं, त्यातली माया खरी, प्राइसची मेहनतही खरी. पण त्यांना आपापल्या घरी का पोचवलं नाही? सुतारकाम का, शेती का नाही? मोहिमांना दुभाषे आणि हमाल हवे होते, मिशनला प्रचारक हवे होते, साम्राज्याला पूर्व किनाऱ्यावर पाय रोवायचे होते. दया आणि हितसंबंध एकाच वाड्यात नांदत होते. विल्यम्स वाचणारे पुष्कळदा असं समजतात, की दया हे ढोंग होतं असं त्यांना म्हणायचंय. मला ते तसं वाटत नाही. दयेला कायद्याचं बळ कधी मिळतं, हा त्यांचा प्रश्न होता. आणि तो प्रश्न चळवळीत काम करणाऱ्या प्रत्येकानं स्वतःला विचारायला हवा, कारण त्याच्या उत्तरावर डावपेच ठरतात.

विल्यम्स स्वतः राजकारणात आले ते नोकरी गेल्यामुळे. कॅरिबियन कमिशन नावाच्या, वसाहतवाल्या सत्तांनी मिळून चालवलेल्या संस्थेत ते 1940च्या दशकापासून काम करत होते आणि 1948पासून त्रिनिदादमध्येच होते. हा माणूस संस्थेला पेलवेना. दरम्यान त्यांनी पोर्ट ऑफ स्पेनच्या सार्वजनिक वाचनालयात व्याख्यानं द्यायला सुरुवात केली होती. 1954मध्ये एका बेनेडिक्टाइन पंथीय विद्वानाशी त्यांचा ॲरिस्टॉटलवरून जाहीर वाद झाला, तो ऐकायला लोकांनी वाचनालयात गर्दी केली. 1840 सालच्या आमच्या सावानाच्या, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाच्या, सभागृहात ॲरिस्टॉटलसाठी दाराबाहेर माणसं उभी आहेत, असं चित्र मी मनाशी रंगवते आणि मला ते अशक्य वाटत नाही. 1955च्या जूनमध्ये कमिशननं त्यांचा करार पुढे चालवला नाही. 21 जूनला विल्यम्स वुडफर्ड स्क्वेअरमध्ये उभे राहिले आणि कमिशनशी आपलं काय झालं ते कागदपत्रांसकट हजारो लोकांपुढे मांडलं. शेवटी त्यांनी जाहीर केलं, की मी इथेच जन्मलो, आता इथेच राहणार, तुमच्याबरोबर.

वुडफर्ड स्क्वेअर म्हणजे शहराच्या मध्यावरचं झाडांचं मैदान. एका अंगाला विधिमंडळाची लाल इमारत, जवळच वाचनालय. विल्यम्स तिथे राज्यघटना सांगत, शिक्षणपद्धती सांगत, साखरेचा आणि गुलामगिरीचा इतिहास सांगत; आकडे, तारखा, उतारे यांच्यासह, तासन् तास. गोदीतले कामगार, मोलकरणी, शिक्षक, बेकार तरुण उभ्यानं ऐकत. त्या मैदानाला त्यांनी विद्यापीठ म्हटलं, आणि लोकही ‘युनिव्हर्सिटी ऑफ वुडफर्ड स्क्वेअर’ म्हणू लागले. भाषा सोपी करताना त्यांनी मजकूर पातळ केला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. समोरचा माणूस शिकलेला नाही म्हणजे त्याला कळणार नाही, असं त्यांनी कधी धरलं नाही.

नाशिकच्या माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. मे महिन्यात गोदाकाठी यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला भरते. दिवसभराची काहिली उतरलेली असते, लोक येऊन बसतात, आणि अर्थव्यवस्थेपासून आरोग्यापर्यंत काय वाटेल ते ऐकतात. तिकीट नाही, ओळखपत्र नाही. याच काठाजवळ, काळाराम मंदिराच्या दारात, 2 मार्च 1930 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी आणि इथल्या सामान्य माणसांनी तो वर्षानुवर्षं लढवला. लंडन-न्यूयॉर्कच्या विद्यापीठांत प्रबंध लिहिलेला विद्वान आणि अक्षरओळख नसलेला सत्याग्रही एका रांगेत उभे राहिले, ते या गावात. विद्वत्ता लोकांमध्ये आली की तिचं तेज कमी होतं असं मानणाऱ्यांनी एकदा ही दोन्ही पटांगणं डोळ्यांपुढे आणावीत.

जानेवारी 1956मध्ये विल्यम्सनी पीपल्स नॅशनल मूव्हमेंट हा पक्ष काढला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात 24 पैकी 13 जागा जिंकून ते मुख्यमंत्री झाले. अमेरिकेच्या ताब्यातला चाग्वारामासचा नाविक तळ परत मागण्यासाठी 1960मध्ये भर पावसात मोर्चा काढला. वेस्ट इंडीजचा महासंघ जमैकाच्या बाहेर पडण्यानं मोडला. 31 ऑगस्ट 1962 रोजी त्रिनिदाद आणि टोबॅगो स्वतंत्र झालं, आणि त्या दिवसासाठी पंतप्रधानांनी काही आठवड्यांत आपल्या देशाचा इतिहास लिहून काढला. स्वातंत्र्यदिनी जनतेच्या हातात स्वतःच्या हातचं इतिहासाचं पुस्तक ठेवणारा दुसरा पंतप्रधान मला आठवत नाही.

आता जे मला लिहायला जड जातं ते. त्रिनिदादमध्ये गुलामी संपल्यावर मळ्यांवर भारतातून गिरमिटिये, म्हणजे करारानं बांधलेले मजूर, आणले गेले. पहिलं जहाज, फतेल रझाक, 30 मे 1845ला पोचलं. 1917पर्यंत 1,40,000हून अधिक माणसं गेली, बहुतेक भोजपुरी मुलखातली. 1958च्या महासंघाच्या निवडणुकीत विल्यम्स यांचा पक्ष हरला, आणि त्यांनी त्याच चौकातून भारतीय वंशाच्या मतदारांचा उल्लेख हट्टी, वैरभाव धरणारा अल्पसंख्य गट असा केला. ज्या माणसानं वर्णद्वेषाच्या मुळाशी मजुरीचं राजकारण आहे हे जगाला दाखवलं, त्याच्या तोंडी हे वाक्य यावं! साखरेच्या एकाच चरकात आधी आफ्रिकन आणि मग भारतीय पिळला गेला, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? 1962मध्ये स्वातंत्र्याच्या वाटाघाटींसाठी लंडनला गेल्यावर त्यांनी विरोधी नेते रुद्रनाथ कपिलदेव यांच्याशी तडजोड केली आणि देश फुटण्यापासून वाचला. कपिलदेव लंडन विद्यापीठात शिकवणारे गणितज्ञ. टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकेक प्राध्यापक. पण 1958ची ती जखम त्रिनिदादच्या राजकारणात पुढेही ठसठसत राहिली.

आणि जेम्स. शाळेतले हे गुरू 1958मध्ये मायदेशी परतले, पक्षाचं मुखपत्र चालवू लागले, आणि दोन वर्षांत दोघांचं बिनसलं. जेम्सनी 1960मध्ये वाचनालयात आधुनिक राजकारणावर व्याख्यानं दिली. त्यांचं छापील पुस्तक सरकारनं गोदामात अडकवून ठेवलं. 1965मध्ये जेम्स क्रिकेट मालिकेचं वार्तांकन करायला आले तर त्यांना घरात नजरकैदेत टाकलं गेलं. याला समर्थन सापडतं का ते मी पाहिलं. ऊस आणि तेल कामगारांचे संप, अस्थिर काळ, सगळं मान्य. तरी ज्या वाचनालयात आपण बोलत मोठे झालो, तिथल्या बोलण्याचं पुस्तक बंद करणारा इतिहासकार मला समर्थनीय वाटत नाही.

1970 उजाडलं. फेब्रुवारीत कॅनडामध्ये खटल्यात सापडलेल्या कॅरिबियन विद्यार्थ्यांच्या पाठिंब्यासाठी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये मोर्चा निघाला आणि बघता बघता ती ब्लॅक पॉवरची चळवळ झाली. स्वातंत्र्याला आठ वर्षं झाली, बँका आणि साखर कंपन्या अजून परक्यांच्याच, नोकऱ्यांत गोऱ्यांचाच वरचष्मा. मग बदललं काय, हा प्रश्न होता. तो विचारणारी मुलं विल्यम्स यांच्याच पुस्तकांवर वाढलेली होती. 12 मार्चला काळे तरुण कारोनीच्या ऊसपट्ट्यात चालत गेले, आफ्रिकन आणि भारतीय एक व्हा अशी हाक देत. नेत्याला जे करायला हवं होतं ते त्याच्या विरोधकांनी केलं. वुडफर्ड स्क्वेअरला त्यांनी नवं नाव दिलं, लोकांची संसद. 6 एप्रिलला पोलिसांच्या गोळीनं बेझिल डेव्हिस हा तरुण मारला गेला, 21 एप्रिलला आणीबाणी आली, लष्करातल्या एका तुकडीनं बंड केलं. विल्यम्स टिकले. विद्यापीठाचे विद्यार्थी तुरुंगात गेले. त्याच वर्षी कोलंबसपासून कॅस्ट्रोपर्यंतचा त्यांचा कॅरिबियनचा मोठा इतिहास प्रकाशित झाला, हे वाचून मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसले होते.

नंतर तेलाचा पैसा आला. 1973मध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली आणि काही महिन्यांत मागे घेतली. साखरधंदा सरकारनं ताब्यात घेतला. ते एकटे होत गेले. सभागृहात विरोधक बोलू लागले की ते श्रवणयंत्र बंद करत, असं तिथले लोक सांगतात. दरम्यान विद्यापीठांत त्यांच्या सिद्धांतावर नव्यानं हल्ला झाला. 1977मध्ये सेमूर ड्रेशर या अमेरिकी इतिहासकारानं आकडे मांडून दाखवलं, की 1807मध्ये साखर वसाहती मुळीच डबघाईला आल्या नव्हत्या, उलट भरात होत्या. हा वाद अजून चालू आहे. गुलामगिरीच्या पैशाचं ब्रिटिश उद्योगाशी नातं होतं, ही विल्यम्स यांची बाजू अलीकडच्या संशोधनानं आणखी भक्कम केली. ऱ्हासामुळे बंदी आली, ही बाजू बरीच खचली. या वादात ते अभ्यासक म्हणून पूर्ण ताकदीनं उतरले असते तर मला ते त्यांच्या कुठल्याही अर्थसंकल्पापेक्षा जास्त आवडलं असतं. 29 मार्च 1981 रोजी पदावर असतानाच ते गेले.

सत्तेतल्या पंचवीस वर्षांपेक्षा त्यांची चौकातली दोन वर्षं मोठी, असं माझं ठाम मत आहे. देश चालवायला इतर कुणीतरी मिळालं असतं. लोकांना त्यांचाच इतिहास तारखा आणि पुराव्यांसह उभ्यानं ऐकवणारा माणूस तेव्हा तिथे एकच होता. आणि ते काम पंतप्रधानाच्या खुर्चीतून होत नाही, कारण खुर्चीतल्या माणसाला प्रश्न विचारणाऱ्याची भीती वाटू लागते.

यंदा माझ्या तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींनी शरणपूरच्या आफ्रिकन मुलांवर काम करायचं ठरवलंय. प्रश्नांची यादी त्यांनीच केली. बाप्तिस्म्याआधीची नावं कुठे नोंदली आहेत का? त्यांच्यात मुली किती होत्या, आणि त्यांना काय शिकवलं? शहरातल्या लोकांनी त्यांना कसं वागवलं, विहिरीवर पाणी भरू दिलं का? कुणी इथेच राहिलं, इथेच लग्न केलं, त्यांच्या पुढच्या पिढ्या आजच्या नाशिकमध्ये कोण? इथल्या नोंदी आता कोणाकडे आहेत ते आधी शोधायचंय, त्यासाठी अर्ज तयार होतोय. जे हाती लागेल ते कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये मांडायचं नाही, एवढं मात्र पहिल्याच बैठकीत एकमतानं ठरलं. उघड्या पटांगणात मांडायचं, भाजी घेऊन घरी निघालेल्या बाईलाही थांबून ऐकता येईल आणि मध्येच हात वर करून विचारता येईल अशा जागी.